ऑनलाइन कोर्सचे न मोजलेले तास

आज दिवसभर ऑनलाइन कोर्सच्या धोरणाचा मसुदा समोर होता. शिकवण्याचे तास त्यात नीट मांडलेत, कोर्स तयार करण्याचे मात्र कुठेच नाहीत. गोची इथेच होते. १० मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे आधी संहिता, मग स्लाइड, रेकॉर्डिंग, काटछाट, शेवटी सबटायटल. आपोआप उमटणारी सबटायटल ओळ न ओळ तपासावी लागतात. 'समाकलन'चं (इंटिग्रेशनचं) 'संकलन' (गोळा करणं) झालं की गणिताचा धडा गेलाच! हे काम आदल्या सत्रात, कार्यभारात सूट देऊनच करून घ्यायला हवं.

दुसरं, मालकी. प्राध्यापक सोडून गेल्यावर त्यांचे व्हिडिओ कॉलेज किती वर्षं वापरणार, दुरुस्ती कोण करणार, नाव कुणाचं राहणार, हे रेकॉर्डिंगपूर्वी लेखी ठरवा. 'नंतर बघू' म्हटलं की भांडण ठरलेलं.

विद्यार्थिसंख्येलाही मर्यादा हवी. ६० जणांचे निबंध, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे एका असाइनमेंटला १५ तास. वर '२४ तासांत शंकेला उत्तर' हा नियम आहेच. त्यात रविवार धरायचा का, ते कुणी लिहिलेलं नाही.