बांधलेल्या बकऱ्यांसाठी पाला ओळखताना

आमच्याकडे चराई उरलेली नाही. चहूकडे कपाशी आणि तूर. बकरी धुऱ्यावरून (बांधावरून) वावरात उतरली की भांडण ठरलेलं. म्हणून बेरारी जातीच्या बकऱ्या घेतल्या त्या गोठ्यातच पाळायच्या ठरवून. कुटार (मळणीनंतरचा कोरडा भुसा) घरचं होतंच, प्रश्न होता हिरव्या पाल्याचा. मोठ्या बकरीला दिवसाला ३-४ किलो तरी लागतो. तो सांदवाडीतून (घरामागच्या परसातून), धुऱ्यावरून, नाल्याकाठून कापून आणायचा, म्हणजे आधी ओळखायला हवा.

गावात ज्याला विचारावं तो एकच सांगे, "बकरीले सारं समजते, ते जहराले तोंड लावत नाही." जन्मभर बकऱ्या चारलेल्या एका आजीने मात्र उडवून लावलं, "चरताना समजते बाबू. बांधून ठेवल्यावर काय समजन तिले?"

खरंच होतं. मोकळी बकरी इथे दोन पानं, तिथे चार असं तोंड मारत पुढे जाते. बांधलेली भुकेली असते, आणि कुट्टी केलेल्या ढिगात कोणतं पान कशाचं हे तिला काय, मलाही सांगता येणार नाही. मग आजीच्या मागे धुरेधुरे हिंडलो आणि जिथे अडलं तिथे ढोरांच्या डॉक्टरांना फांदी नेऊन दाखवली.

'चीक निघाला की विषारी' हा गावठी नियम पहिल्यांदा बाद झाला. वड, पिंपळ, उंबर तिघांनाही चीक, आणि तिघांचाही पाला बकरीला चालतो. उलट घाणेरीला चीकच नाही. तिची काडी चौकोनी, पान खरखरीत, चोळलं की उग्र वास. ती पोटात गेली की यकृत बिघडतं, कावीळ होते आणि उन्हात कान-तोंडाची कातडी सोलवटते.

कन्हेर ओळखायला सोपी: लांब, अरुंद, जाडसर पानं, एका पेराला बहुधा तीन-तीन. थोड्याशा पानांनीही बकरीचं हृदय बंद पडू शकतं, आणि पानं वाळली तरी विष जात नाही. झाडापेक्षा मला भीती वाटते ती छाटून रस्त्याकडेला टाकलेल्या फांद्यांची. पिवळ्या फुलांची बिट्टीही त्यातलीच.

सगळ्यात फसवी बेशरम. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं पान, फिकट जांभळं भोंग्यासारखं फूल, नाल्याकाठी बारमाही हिरवी. बकऱ्या आधी तोंड लावत नाहीत, पण उन्हाळ्यात दुसरं हिरवं नसलं की खातात आणि मग चटक लागते. परिणाम सावकाश दिसतो: बकरी वाळत जाते, मान थरथरते, चाल लडखडते. म्हणजे 'आवडीने खाते' ही कसोटीसुद्धा कामाची नाही.

शेवरी आणि सुबाभूळ यांत माझा सुरुवातीला गोंधळ व्हायचा. शेवरीची पानं एकाच दांडीला दोन्हीकडे, फूल पिवळं, शेंगा काडीसारख्या बारीक. सुबाभळीच्या दांडीला पुन्हा उपदांड्या, फूल पांढरं गोंड्यासारखं, शेंगा चपट्या. शेवरी बिनधास्त द्यावी. सुबाभूळ पौष्टिक आहे, पण तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. जास्त झाली की केस गळतात. मी एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देत नाही.

ज्वारीबाबत डॉक्टर कडक होते. फुलोऱ्याआधीचं कोवळं पीक आणि कापणीनंतरचे फुटवे, त्यातही पाण्याच्या ताणातले, यांत सायनाइडचं विष तयार होतं. जनावर काही मिनिटांत आडवं पडू शकतं, इंजेक्शनही वेळेत शिरेतून गेलं तरच उपयोग. अशा वेळी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलाय.

झाड ओळखलं तरी फवारा ओळखू येत नाही. तणनाशक मारलेल्या धुऱ्यावर उत्तम गवत असलं तरी विळा लावत नाही, आणि कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत तिकडचा पाला आणणंच बंद. तेवढे दिवस गोठ्यामागे लावलेल्या हादगा, शेवरी आणि शेवग्यावर निभतं.