ताईचा निर्णय
आज परळला टाटाच्या ओपीडीत ताईसोबत चार तास. गर्भाशयाचा लायोमायोसार्कोमा, म्हणजे तिथल्या स्नायूंचा कॅन्सर, स्टेज १. ऑपरेशनला पाच आठवडे झाले, गाठ पूर्ण निघालीय. आता केमो घ्यायची, की दर तीन महिन्यांनी स्कॅन करत लक्ष ठेवायचं?

डॉक्टर म्हणाल्या, आजार इतका दुर्मिळ, की नेमकं हेच तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २१६ जणी हव्या होत्या, मिळाल्या ३८. ती अर्ध्यातच बंद पडली. फायदा सिद्ध नाही. केमोतल्या डॉक्सोरुबिसिन या औषधाचा हृदयाला असलेला धोका मात्र खरा.

ताई फाइलचा दुमडलेला कोपरा नखाने सरळ करत राहिली. मग म्हणाली, "केस गेले तरी चालतील गं. पण पुढे 'घेतली असती तर' असं वाटायला नको."

मला मनातून केमो नकोच होती. पण शरीर तिचं आहे. सोमवारी टूडी इको, केमोआधीची हृदयाची तपासणी.