जुनी ओमनी रोज चालवावी का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘घरी जुनी मारुती ओमनी आहे, चालते. रोज कामावर तिनंच जावं की काढून नवी घ्यावी? आणि तिच्या धुराचं काय?’ नागपूरच्या, एमएच-३१ पाटीच्या व्हॅनवाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. यावर माझा उलट प्रश्न असतो: रोज म्हणजे किती किलोमीटर?

धुराचे हिशेब दोन आहेत. पहिला कार्बन डायऑक्साइडचा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो निघतो. समजा, हिंगणा एमआयडीसीत जाऊन-येऊन ३० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर. ओमनीनं शहरात १२ चं अ‍ॅव्हरेज दिलं तर ७५० लिटर. १८ देणाऱ्या नव्या गाडीला ५०० लागतील. फरक २५० लिटरचा, म्हणजे पावणेसहाशे किलो. पण नवी गाडी घडवतानाही पोलाद, प्लास्टिक, रंग यांपायी काही टन वायू आधीच हवेत गेलेला असतो. तो पाच टन धरला तर फिटायला जवळपास नऊ वर्षं लागतील. रोज दहाच किलोमीटर असतील तर पंचवीसहून जास्त. इलेक्ट्रिक घेतली तरी आपल्याकडची वीज बरीचशी कोळशाचीच. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या कुणाला दाखवायला नकोत.

दुसरा हिशेब गल्लीतल्या हवेचा, आणि इथे जुनी गाडी हरते. कार्बोरेटरची (पेट्रोल-हवा मिसळणारा जुना भाग), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नसलेली ओमनी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल नव्या गाडीच्या कितीतरी पट सोडते. ट्यूनिंगनं ते कमी होतं, बरोबरीला येत नाही. सीताबर्डीच्या सिग्नलवर मागे उभा असलेला स्कूटीवाला ते ओढतो.

म्हणून पीयूसीची, म्हणजे धूर तपासणीची, पावती घडी करून डॅशबोर्डात टाकू नका, वाचा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त: एअर फिल्टर चोंदलाय, चोकची केबल अडकलीय किंवा कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई गळतेय. सीओ कमी पण एचसी (न जळलेलं पेट्रोल) जास्त, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय किंवा मिश्रणात पेट्रोल फारच कमी आहे. आधी प्लग काढून बघा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, फिका तपकिरी बरोबर. पीयूसीपुरता आयडलचा (गाडी उभी असतानाच्या मिश्रणाचा) स्क्रू आवळून आकडा पाडणारेही आहेत. अशी गाडी नंतर सिग्नलवर बंद पडते आणि मालक पुन्हा तो स्क्रू फिरवून घेतो. मग त्या पावतीचा उपयोग फक्त पोलिसाला.

नागपुरात सर्रास चालणारी एक चूक थर्मोस्टॅट व्हॉल्व्हची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची. ‘आपल्या उन्हात याची काय गरज, भाऊ’ म्हणत मेकॅनिक तो काढून फेकतो. नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हात, ते शहाणपणाचं वाटतं. डिसेंबरच्या सकाळी मात्र इंजिन वेळेवर तापत नाही, चोक ओढलेला राहतो, पेट्रोल जास्त जातं आणि पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात. व्हॉल्व्ह घरीच तपासता येतो. पातेल्यात पाणी घ्या, व्हॉल्व्ह दोऱ्यानं असा सोडा की तळाला टेकणार नाही, आणि गॅस लावा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास, बहुधा ८२ अंशांना, मधली तबकडी सरकायला लागते. पाणी खळखळून उकळलं तरी ती मिटलेलीच असेल किंवा गार पाण्यातच उघडी असेल, तर नवा बसवा. उन्हाळ्यात इंजिन तापतं ते बहुतेक वेळा रेडिएटरमुळे: त्यात बोअरचं पाणी ओतत राहिलं की क्षार जमून नळ्या बंद होतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. गरम इंजिनावर झाकण उघडू नका.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. कार्बोरेटरला सेन्सर नाही, त्यामुळे त्याला हा बदल कळत नाही. मिश्रणात हवेचं प्रमाण वाढतं, ओढ आणि अ‍ॅव्हरेज थोडं घटतं. खरी काळजी जुन्या रबराची. पेट्रोलचे पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा फुगतो, चिरतो. इथेनॉल चालणारे पाइप क्लॅम्पसकट बदलून घ्या. ओमनीचं इंजिन तुमच्या सीटखालीच आहे. पेट्रोलचा वास आला की गाडी बाजूला घ्या, बंद करा, सगळ्यांना उतरवा, इंजिन थंड झाल्यावरच सीट उचला. घरगुती सिलिंडर जोडून चालवायचं तर नावही काढू नका.

सुरक्षेत तडजोड नाही. चालकाच्या गुडघ्यांपुढे जवळपास नुसता पत्रा. नव्या अपघात-चाचणीच्या नियमांत बसेना म्हणून २०१९ मध्ये ओमनीचं उत्पादन थांबलं. वर्धा रोडनं बुटीबोरीला ट्रकांच्या रांगेतून रोज जाणार असाल, किंवा शाळेची पोरं कोंबणार असाल, तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. शहरात, सामान नेण्यापुरती, आठवड्यातून दोन-तीनदा, बाकीचे दिवस मेट्रो किंवा दुचाकी: असं असेल तर खुशाल ठेवा.

कागदांचं थोडक्यात: पंधरा वर्षं झालेली पेट्रोल गाडी रस्त्यावरून काढण्याचा दिल्लीचा नियम इथे नाही. पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्याआधी मॅट उचलून फ्लोअर, सरकत्या दाराचा खालचा रूळ आणि पाटे जिथे बसतात ती जागा स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. पाट्यांच्या जागी टोक आत गेलं तर वेल्डिंगवर पैसे घालू नका, गाडी मोडीत काढा. मात्र नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात, गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र घेऊन आणि आरसी रद्द करूनच. भंगारवाल्याला तशीच दिली तर ती दुसऱ्याच्या हातात फिरते आणि चलान तुमच्या मोबाइलवर येतं.