मोताळ्याच्या कडेवरचा रविवार : उडालो एकदा, जेवलो दोनदा

मलकापूर स्टेशनावर उतरलो तेव्हा साडेपाच वाजले होते. जानेवारीतली थंडी, आणि आमच्या पॅराग्लायडिंग क्लबचा टेम्पो आधीच उभा. तो चालवणारे मामा एसटीतून निवृत्त झालेत. स्वतः कधी उडाले नाहीत, पण कोण कुठल्या वावरात उतरेल हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. माझी पिशवी मी टपावर टाकायला निघालो तर म्हणाले, "विमान हाय ना ते, खाली ठेवा."

मलकापूर-बुलढाणा रस्त्यावर मोताळ्याच्या पुढे अजिंठ्याच्या रांगेची उत्तर कड उभी राहते. खाली पूर्णेच्या खोऱ्याचं सपाट रान. हिवाळ्यात वारा बहुतेक दिवस उत्तर-ईशान्येकडून येतो आणि या कडेवर आपटून वर चढतो. आमचं उडणं त्याच्याच जिवावर चालतं. टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या हिवाळ्यात तिघं जण न सांगता आले, उडाले आणि ओंबीवर आलेल्या गव्हात उतरले. पुढचे दोन महिने आम्हाला त्या बांधावर पाय ठेवता आला नाही. यायचं असेल तर आधी क्लबमधल्या कुणाशी तरी बोला. बोथ्याच्या बाजूला ज्ञानगंगा अभयारण्य आहे, तिकडे तर अजिबात सरकायचं नाही. (२०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून याच अभयारण्यात आला. त्याला वाऱ्याची वाट पाहावी लागली नाही, एवढाच त्याचा फायदा.)

वर पोचलो तेव्हा वाऱ्याचा पत्ता नव्हता. जुन्या लाल साडीची पट्टी बांबूला लोंबत होती, तोच आमचा विंडसॉक, वाऱ्याची दिशा दाखवणारा. आम्ही अकरा जण होतो. त्यात एक जिल्हा परिषदेचे मास्तर, एक कृषी सेवा केंद्रवाला, अकोल्याची दोन पोरं आणि एक नर्सताई. दीड तास चहा, भुईमुगाच्या शेंगा आणि गावाच्या राजकारणात गेला. नव्यांना हा वेळ फुकट वाटतो. मला वाटत नाही, कारण कोण रात्री झोपलं नाही, कोण घरी भांडून आलं, कोण आज उगाच जास्त बोलतंय, हे त्याच वेळात कळतं.

साडेनऊला पट्टी हलली. ताशी बारा-चौदा किलोमीटरचा वारा, सरळ समोरून. मी हार्नेस (बसायचा पट्ट्यांचा साज) चढवला, विंग म्हणजे वरचा कापडी पंख पसरला, दोऱ्या मोकळ्या केल्या, आणि मग लघवीला जायचं म्हणून हार्नेस काढून परत घातला. ताई तपासणीला आल्या. आमच्याकडे कुणीही स्वतःची तपासणी स्वतः करून उडत नाही. हेल्मेट, छातीचा पट्टा, कॅराबिनर (विंग हार्नेसला जोडणारी कडी), रिझर्व्हची म्हणजे राखीव पॅराशूटची पिन आणि मग पाय. डाव्या पायाचा पट्टा उघडा होता.

त्या ओरडल्या नाहीत. पट्टा लावला आणि म्हणाल्या, "भाऊ, आता दहा मिनिटं बसा."

जुन्या धाटणीच्या हार्नेसमध्ये पायाचे पट्टे वेगळे असतात. ते राहिले तर जमिनीवर काहीच जाणवत नाही. पाय जमिनीवरून सुटल्यावर माणूस खाली घसरतो, छातीचा पट्टा गळ्याशी येतो आणि ब्रेकच्या दोऱ्या नीट ओढता येत नाहीत. जगात अनुभवी माणसं याने गेली आहेत. म्हणून नियम एकच : हार्नेस एकदा काढला की तपासणी पहिल्यापासून. माझी बारा वर्षं आकाशात गेली असली तरी.

दहा मिनिटं बसलो, मग उडालो. पायथ्यापर्यंत दीडशे मीटर. वर चढणारी हवा मिळाली नाही तर सव्वादोन मिनिटांत खाली. मला कडेवर वीस मिनिटं मिळाली. कडा उजव्या हाताला असेल त्याची वाट आधी, समोरच्याने बाहेर सरकायचं, हा नियम सगळ्यांनी पाळला. उतारावरचं आग्या मोहोळ मात्र लांब ठेवलं.

उतरताना इथली खरी परीक्षा असते. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत. खांब शोधायचे आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरायचं. बिनकठड्याच्या विहिरी आहेत. रोही (नीलगायी) आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा आहेत, त्या तर उभ्याने चालतानाही दिसत नाहीत. तूर सोंगल्यावर उरलेली धसकटं जाड तळव्याचा बूटही फाडतात. म्हणून आदल्या संध्याकाळी उतरायची जागा पायी फिरून पाहायची. उतरलं की विंग लगेच गोळा करायची. पसरलेली राहिली तर वरचे समजतात की माणूस पडलाय. गावातल्या पोरांनाही हे आता पाठ आहे. कुणी खरंच पडलं तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत त्याला हलवायचं नाही. माणसं जीव तोडून बाज घेऊन धावत येतात. प्रेमाने येतात, पण मणक्याला बाजेची झोळी फार वाईट. त्यांना हात जोडून थांबवावं लागतं.

अकरा वाजता पट्टी एकदम आडवी, मग मेलेली, मग उलटी. खाली नांगरलेल्या रानात धुळीची वावटळ उठली. अकोल्याचा मोठा पोरगा तयार उभा होता. चार तास गाडीवर बसून आलेला, अजून एकदाही पाय सुटला नव्हता. मास्तरांनी नकाराची मान हलवली. पोराने तोंड वाकडं केलं. दुपारी साडेतीननंतर परत बघू असं ठरलं, पण त्या दिवशी वारा पुन्हा सरळ झालाच नाही. सगळे पायी उतरलो. एकटा असता तर तो उडाला असता, मीही त्याच्या वयात उडालो असतो.

जेवण झाडाखाली : गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी. इथे एक रीत आहे. जेवताना प्रत्येकाने आपली चूक सांगायची, दुसऱ्याची नाही. पट्ट्याची गोष्ट मी सांगितली. कृषी सेवा केंद्रवाल्या भाऊने आपण रिझर्व्ह दीड वर्ष पुन्हा घडी केलं नाही हे कबूल केलं. कुणी हसलं नाही. ताईंनी पुढच्या रविवारी शाळेच्या वऱ्हांड्यात सगळ्यांची रिझर्व्ह उघडायचं ठरवलं. नव्याने येणाऱ्यांनी त्या दिवशी यावं. उडायला मिळणार नाही, पण घडी शिकता येईल आणि मैदानावर विंग डोक्यावर धरायचा सराव होईल. नुसत्या त्या सरावाचे दोन-तीन महिने केल्याशिवाय कडेवर कुणाला सोडत नाहीत.

संध्याकाळी ज्यांच्या वावरात उतरतो त्या काकांकडे दुसरं जेवण, कळण्याची भाकर आणि ठेचा. ते मास्तरांना म्हणाले, "या हप्त्यात मी विहिरीकडची तूर सोंगून राहिलो. तिकडं उतरू नका, पायात घुसन. मधल्या पडीतात या. अन् हरभऱ्यात कोणी आलं, तं मंग मी पाह्यतो."