थांबा, येतोय अजून

संक्रांतीला आठवडा उरला होता. बुधवारी मी रजा टाकली आणि बाबांना म्हटलं, "चला, पेठांत जाऊन येऊ. मंडई, तांबट आळी, पाय चालले तर जुना बाजार." माझ्या खांद्यावरचा इन्स्टंट कॅमेरा बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रोल किती फोटोंचा आहे?"

"दहाचा."

"दहाच? आमच्या क्लिक-थ्रीतसुद्धा बारा निघायचे."

बाबांचा आग्फा क्लिक-थ्री अजून कपाटात आहे, चामडी पाकिटासकट. १२० नंबरचा रोल, त्यात चौकोनी बारा फोटो. माझ्या बारशाला घातलेला रोल दिवाळीत संपला आणि मग स्टुडिओतून आल्यावर कळलं की आत्याचे डोळे मिटलेत. मोजून फोटो काढायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली आहे. माझ्या फोनमध्ये काही हजार फोटो पडून आहेत, पण हा इन्स्टॅक्स मिनी घेतल्यापासून मीही मोजायला लागले. एक फोटो पन्नास रुपयांच्या वर जातो, आणि चुकला की गेला.

आयडियल कॉलनीहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला उतरून सरकत्या जिन्यांनी खाली खाली भुयारात, दुसरी गाडी, आणि मंडई. इतकं सोपं झालंय ते. वर आलो तेव्हा साडेनऊ वाजले असतील. हवेत चांगलाच गारठा होता. ही फिल्म ५ ते ४० अंशांत काम करते, तरी थंडीत रंग फिके उतरतात असा माझा अनुभव आहे, म्हणून कॅमेरा शालीच्या आत धरला होता.

मंडईची इमारत १८८६ ची. गव्हर्नर रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून सुरू झाली आणि पुढे महात्मा फुले मंडई झाली. मधला अष्टकोनी मनोरा लहानपणापासून बघतेय, तरी मान वर होतेच. पहिली फिल्म मी त्याच्यावरच घातली आणि ती वाया गेली असंच म्हणायला हवं. या कॅमेऱ्याची फिल्म एटीएम कार्डाएवढी, त्यातलं चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटर. त्यात मनोरा काडेपेटीतल्या काडीएवढा आला, मागे पांढरं धुरकट आभाळ. दूरचं दृश्य या कॅमेऱ्याला मानवत नाही. त्याला माणूस हवा, दोन पावलांवर उभा असलेला.

आत भोगीच्या भाजीचा माल लागला होता. गाजरं, पावटा, ओला हरभरा, बोरं, उसाची करवं. दाराशी एक मावशी सुगडं घेऊन बसल्या होत्या. काळी, तांबडी, एकात एक घातलेली. एक सुगड त्यांनी बोटाच्या पेराने वाजवून दाखवलं, खणखणीत. ते त्यांच्या हातात असतानाच विचारलं, "मावशी, फोटो काढू का? लगेच देते तुम्हाला."

"मोबाईलवर देणार व्हय?"

"नाही, कागदावर."

त्यांनी पदर सारखा केला. माझ्या कॅमेऱ्याचं शटर एकाच वेगाचं आहे, सेकंदाचा साठावा भाग, आणि फ्लॅश प्रत्येक वेळी उडतोच. तो जेमतेम पावणेतीन मीटर पोचतो. म्हणून मंडईसारख्या अंधाऱ्या जागी माणूस लख्ख येतो आणि मागचं सगळं काळं होतं. खर्र असा आवाज करत फिल्म वर आली. मावशींनी ती घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "ह्यात काय बी नाय की."

"थांबा, येतोय अजून."

इथून पुढच्या दीड मिनिटासाठी मी हा कॅमेरा बाळगते.

होतं असं, की फिल्म बाहेर येताना दोन रुळांमधून पिळली जाते. तिच्या कडेला रसायनाची चिमुकली पुडी असते. ती फुटते आणि रसायन पातळ थरात सगळीकडे पसरतं. पुढचं काम ते गुपचूप आतल्या आत करतं. हलवायची गरज नसते. पुष्कळ जण वारा घालतात तशी फिल्म झटकतात, त्याने लवकर काही येत नाही. नव्वद सेकंद थांबणं, एवढंच हातात असतं. आणि दोन अनोळखी माणसं एका पांढऱ्या कागदाकडे बघत नव्वद सेकंद नुसती उभी राहू शकत नाहीत. ती बोलतात. फोनवर फोटो काढला की "छान आलाय" म्हणून आपण निघतो. इथे निघताच येत नाही.

मावशींनी विचारलं, कुठून आलात, हे तुमचे वडील का, सुगडं किती घरांत द्यायची. मग म्हणाल्या, भट्टीतून निघताना शंभरातली पाच-सात तरी तडकतात, तुमच्या फोटोचं पण तसंच असंल. तोवर दुधट पांढऱ्यातून आधी केस आले, मग डोळे, मग नाकातली चमकी, आणि सगळ्यांत शेवटी सुगडाचा तांबडा रंग. "आगं बया," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या हरभरेवाल्याला फोटो देईनात. लांबूनच दाखवला. बाबांनी पाच सुगडं घेतली. मावशींनी सहावं वर टाकलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

पुढे एका अमृततुल्यमध्ये चहा. पितळी पातेल्यावर फडक्याने चहा गाळणाऱ्या दादांचा फोटो काढला, वाफेवर फ्लॅश पडून त्यांच्याभोवती ढग आल्यासारखा दिसला. त्यांना तो इतका आवडला की देवाच्या तसबिरीच्या चौकटीत खोचून टाकला. तुळशीबागेत बांगड्या घेणाऱ्या दोन मुलींनी "ताई, आमचा पण काढा ना" म्हटलं, त्यांचा काढला. फोटो कोणी ठेवायचा यावर त्यांचं काही ठरेना आणि दुसरा मी काढून दिला नाही. बाबा तोवर बोटं मोजत होते. चार गेले.

शिवाजी रस्त्याने उत्तरेकडे, कसबा गणपतीला बाहेरूनच नमस्कार, आणि मग तांबट आळी. गल्ली दिसायच्या आधी ऐकू येते. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. खाली कारखाना, वर घर, आणि एकाच्या ठोक्यात दुसऱ्याचा ठोका मिसळत गेलेला. आवाजाने आधी छाती भरते, मग पाच मिनिटांनी तो ऐकू येईनासा होतो.

एका कारखान्यात साठीचे काका तांब्याच्या घंगाळावर मठारकाम करत बसले होते. भांडं लोखंडी ठोकळ्यावर पालथं, डाव्या हाताने ते किंचित फिरवायचं, उजव्या हाताने ठोका. पुन्हा किंचित, पुन्हा ठोका. प्रत्येक ठोक्याची एक गोल खळी उमटते आणि ती आधीच्या खळीला खेटूनच पडते. मध्ये जागा सुटत नाही, एकावर एकही येत नाही. मी वाकून पाहत होते. बाजरीच्या कणसावर दाणे बसावेत तशा त्या ओळी चालल्या होत्या. ठोकून तांबं कडक होतं, भांडं चेपत नाही. नक्षी दिसते ती त्या कामातूनच आलेली.

फोटो काढला. दीड मिनिट गेलं. काका आले, हातोडी आली, आणि घंगाळाच्या जागी नुसता पांढरा तारा. फ्लॅश तांब्यावर आपटून सरळ भिंगात परत आला होता. मला खरंच वाईट वाटलं, कारण मला त्या खळ्याच हव्या होत्या.

काकांनी फोटो हातात घेऊन नीट बघितला. म्हणाले, "तांब्याला समोरून उजेड दाखवायचा नसतो, ताई. आम्हीपण समोरून बघत नाही." त्यांनी घंगाळ उचलून दारातल्या उन्हात तिरकं धरलं. त्याबरोबर प्रत्येक खळीच्या एका कडेला सावली पडली आणि मला सगळ्या वेगवेगळ्या दिसल्या. "हे बघा, इथे एक हुकलाय." मला काही दिसलं नाही. त्यांनी अंगठा टेकवला तेव्हा दिसली. दोन खळ्यांमध्ये तिळाएवढी सपाट जागा होती. "आता काढा. तुमचा दिवा इकडून येऊ दे, भांडं तिकडे तोंड करून." मी बाजूला सरकले. या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी भिंगाच्या शेजारी असते, त्यामुळे जवळून काढताना खिडकीत दिसतं त्याहून चित्र सरकून येतं. तो अंदाज धरून कॅमेरा थोडा सरकवून रोखला. या वेळी आल्या. सगळ्या खळ्या आल्या, तांबूस, कडेला काळसर. काकांनी फोटोही तिरका धरून तपासला, भांडं तपासतात तसाच.

आम्ही वाट बघत होतो तेव्हा आतून त्यांच्या सूनबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या आजींचा काढाल का?" काकांच्या आई आतल्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. नऊवारी, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, मांडीवर तीळ निवडायचं सूप. घरात प्रत्येकाच्या फोनमध्ये त्यांचे फोटो आहेत, सूनबाई सांगत होत्या, नातवाच्या लग्नातलेच कितीतरी. आजींना फोनवर दिसत नाही. उजेड डोळ्यांवर येतो, आणि बोट लागलं की चित्र पळून जातं.

मी काढला आणि फिल्म आजींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती मूठ करून झाकली, पिलू धरावं तशी. "माझा हातात धरायचा फोटो रेशनकार्डाचाच," त्या म्हणाल्या. मग हे घर कसं होतं ते सांगायला लागल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा रात्री ठोके थांबले की झोप यायची नाही. सासरे गेले त्या दिवशी आळी दिवसभर बंद होती आणि त्या शांततेने त्यांच्या धाकट्या दिरांना ताप भरला. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. दीड मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं. सूनबाईंनी मूठ सोडवली तेव्हा आजींनी फोटो नाकापर्यंत नेला आणि बराच वेळ बघितला. "म्हातारी झाले की गं मी," एवढंच म्हणाल्या. सूनबाईंनी संकोचत आणखी एक मागितला, त्यांच्या नाशिकच्या नणंदेसाठी. बाबांनीच मान हलवली, काढ म्हणून.

जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, म्हणूनच मी बुधवार धरला होता. नळाच्या तोट्या, कुलपं, पितळी दिवे, सुटे चार्जर, आणि एका ताडपत्रीवर जुने कॅमेरे. त्यांत पोलरॉइड ६०० जातीचा एक पेटीसारखा कॅमेरा होता. विकणारे दादा प्रामाणिकपणे म्हणाले, "बंद आहे, शोकेसला ठेवा." मी त्यांना सांगितलं की या कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी नसते, ती फिल्मच्या पुड्यात चपटी बसवलेली असते. फिल्म नसली की कॅमेरा मेल्यासारखाच वाटतो. फिल्म अजून मिळते का, त्यांनी विचारलं. मिळते, आणि ती कशी टिकली ही मला फार आवडणारी गोष्ट आहे.

१९४३ साली पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं होतं, काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? त्या प्रश्नातून कॅमेरा झाला आणि १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या एका दुकानात विकायला आला. १९७२ साली उजेडातच आपोआप उमटणारी फिल्म आली. मग डिजिटल आलं आणि २००८ साली पोलरॉइडने फिल्म बंद केली. तेव्हा नेदरलँड्समधल्या एन्स्हेडे गावचा शेवटचा कारखाना काही वेड्या माणसांनी, त्यात तिथले जुने कामगारही होते, चालू ठेवला. रसायनं मिळेनाशी झाली होती, ती नव्याने जुळवावी लागली. माझ्या कॅमेऱ्याचं घराणं वेगळं, फुजीचं, १९९८ पासूनचं. पण त्या चिमुरडीचं 'आत्ताच' दोन्हींत आहे, आणि ते 'आत्ताच' दीड मिनिट लांब आहे हे मला फार बरं वाटतं.

दादांनी सगळं ऐकलं, कॅमेरा फडक्याने पुसला आणि ताडपत्रीवरून उचलून मागच्या पिशवीत ठेवला. "मग हा असा नाही द्यायचा," ते म्हणाले. त्यांचा एक फोटो काढला, तो त्यांनी खिशात घातला. उरली एक. दादा म्हणाले, "आणा इकडे, तुम्हा दोघांचा काढतो." बाबांनी स्वेटरची बटणं लावली. माझ्या हातात सुगडांची पिशवी होती, ती खाली ठेवायचं राहून गेलं.

घरी दहांतले तीन आले. काडीएवढा मनोरा, आम्ही दोघं, आणि तांबट आळीतला पांढरा तारा. बाबांनी क्लिक-थ्रीच्या दिवसांतला अल्बम काढला, काळ्या पानांचा. या फोटोंची पाठ काळी असते, तिथे लिहिता येत नाही. खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीवर बॉलपेन उठेना, म्हणून त्यांनी माझ्याकडून मार्कर मागून घेतला. आमचा फोटो मला दिला. पांढरा तारा स्वतःकडे ठेवला आणि खाली लिहिलं, 'तांबट आळी, बुधवार, दुपारी १२. ठोके चालू.'