तुम्ही विचारलंत म्हणून: तो रोस्टर मी अजून का दुरुस्त करते

जाऊबाई विचारतात, ऑफिसात विचारतात, परवा तर सिलिंडर आणून देणाऱ्यानंही ओट्यावर मांडलेले स्क्रू पाहून विचारलं. प्रश्न एकच: कॉफी भाजायचं ते जुनं यंत्र सारखं उघडून काय बसता? नवीन घ्या, नाहीतर सरळ पूड आणा. आजवर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता एकदाच नीट सांगते.

पुडीचं आधी. माझं माहेर परतवाड्याचं. वर चिखलदऱ्याला कॉफी होते हे पुण्यात सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात, पण होते. माहेरून कुणी आलं की पिशवीत किलो-दोन किलो कच्च्या बिया असतात. एवढ्याशा बिया भाजून देणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. दुकानातल्या यंत्रात एका घाण्यालाच त्याहून कितीतरी जास्त माल लागतो. कढईत भाजून पाहिल्या. दाणा बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो आणि कॉफीला गवताची चव येते. शिवाय कच्च्या बिया कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतात, भाजलेल्या काही आठवड्यांत उतरतात आणि दळलेली पूड तर त्याहूनही लवकर. म्हणून लागतील तेवढ्याच, पाव किलोच्या घाण्यानं भाजायच्या. त्यासाठी हे यंत्र.

आता नव्या यंत्राचं. दुरुस्तीनं पैसे वाचतात असं पूर्वी मीच सांगत होते. ते सोडून द्या. सुटे भाग, विजेच्या सामानासाठी तपकीर गल्लीतल्या चकरा, त्यात गेलेले रविवार, सगळं धरलं तर बचत म्हणावं असं फारसं उरत नाही. ज्याचं काम त्यानं करावं, आपण पेचकस हातात घेऊ नये, हेही मी मानत होते. त्याबद्दल मात्र माझं मन अजून दोन्हीकडे आहे. त्याला कारण झाली ती एक संध्याकाळ, आणि खरं उत्तर तिच्यातच आहे.

यंत्र भावानं न्यू जर्सीहून कायमचं परतताना आणलेलं. तिथली वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी विजेची आवर्तनं, आणि अशा मोटरचा वेग त्यांवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. त्यामुळे ड्रमची मोटर तिथल्यापेक्षा साधारण सहाव्या भागानं सावकाश फिरते, पंखाही मंदावतो. भाजताना बियांवरचं पातळ फोलपट सुटतं, ते पंख्याच्या जाळीत अडकतं. वारा आणखी कमी होतो, उष्णता कोंडते. एक दिवस यंत्र घाण्याच्या मध्येच गार झालं. ड्रम फिरत होता, हीटर बंद.

दुरुस्तीला दिलं. दुकान कुठलं ते सांगत नाही, कारण मुद्दा एका दुकानाचा नाही. दोन दिवसांत परत मिळालं. ‘मॅडम, डायरेक्ट करून दिलंय, आता पुन्हा बंद पडायचं नाही.’ आणि खरंच पडलं नाही.

बियांना 196 अंशांच्या आसपास पहिला तडतडाट होतो. मोठा, सुटा सुटा आवाज. माझ्या लेकाला तो ऐकायला फार आवडायचं. स्टूल ओढून तो शेजारी बसायचा आणि सुरू झाला की आधी तोच ओरडायचा. त्या संध्याकाळीही तसाच ओरडला. मी रंग बघत होते. पुढचा तडतडाट 220 च्या पुढे होतो, बारीक आणि घाईचा, आणि तो यायला अजून वेळ होता. पण तो जवळजवळ लगेचच आला. धूर पांढरा होता तो पिवळट झाला. मी बंदचं बटण दाबलं, ड्रमचा आवाज थांबला, तरी काचेतून खाली फोलपटाच्या ट्रेमध्ये नारिंगी ठिपके दिसले आणि बघता बघता त्यांची ज्योत झाली.

दार उघडायचं नाही हे मला माहीत होतं. उघडलं की आत हवा जाते आणि आग भडकते. पाणी तर नाहीच. प्लग ओढला, लेकाला बाहेर ढकललं, गॅसचा नॉब बंद केला आणि काचेकडे बघत उभी राहिले. बिया त्या टप्प्यावर स्वतःच उष्णता सोडत असतात, त्यामुळे वीज गेली तरी आतलं थांबत नाही. दाराच्या फटीतून धूर येत होता. काच तडकेल का, वरच्या कपाटाचं प्लायवूड पेटेल का, एवढंच डोक्यात होतं. सासूबाई दारातून विचारत होत्या, ‘अगं, काय जळतंय?’ मला तोंडातून शब्द काढता येईना. हवा संपून ज्योत बसली, तरी ते दार मी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडलं नाही.

सकाळी मागचं पत्र्याचं झाकण काढलं. जिथं थर्मल फ्यूज असायला हवा, तिथं दोन वायरी पिळून जोडलेल्या आणि वर साधी काळी इन्सुलेशन टेप. हीटरपासून चार बोटांवर. टेप वितळून पत्र्यावर ओघळली होती.

थर्मल फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराहून लहान धातूची नळी. आत एक गोळी असते. ठरलेल्या तापमानाला ती वितळते, स्प्रिंग सुटते आणि वीज कायमची तुटते. पहिल्यांदा यंत्र गार झालं तेव्हा त्या नळीनं आम्हाला वाचवलं होतं. तिलाच बिघाड समजून काढून टाकलं. जाळी कुणी पाहिली नाही. पंखा मंद का, हे कुणी विचारलं नाही.

दुकानदाराची बाजूही मी स्वतःशी मांडून पाहिली आहे. नेमक्या अंशाचा फ्यूज शोधायला दिवस जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही, आणि यंत्र पुन्हा बंद पडलं तर गिऱ्हाईक त्यालाच बोल लावतं. इस्त्री, राइस कुकर, मिक्सर, आपल्या घरांत किती वस्तू अशा ‘डायरेक्ट’ होऊन चालत असतील कोण जाणे. तरीही मला राग येतो. त्या स्टुलावर माझं मूल बसत होतं.

पुढचं काम मीच केलं. जुना फ्यूज दुकानात फेकला गेला होता, म्हणून त्यावरचा आकडा गेला. तो झाकणाच्या आत चिकटवलेल्या सर्किटच्या कागदावर मिळाला. त्याच अंशाचा, तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज आणला. त्याला डाग द्यायचा नसतो, सोल्डरच्या उष्णतेनंच आतली गोळी वितळू शकते. फ्यूजची तार आणि वायर एका वेगळ्या धातूच्या नळीत घालून, ती दाबून जोड द्यावा लागतो आणि वर उष्णता सोसणारी फायबरग्लासची स्लीव्ह. मल्टिमीटर लावून जोड तपासला. पंखा खोलून धुतला. आता दर घाण्यानंतर जाळी ब्रशनं साफ होते आणि घाणा मी जरा लहानच घेते.

म्हणून नवीन घेत नाही. याच्या पोटातली प्रत्येक वायर मला माहीत आहे. नव्या यंत्राच्या आत काय आहे ते मला कसं कळणार?

नवरा म्हणतो, ज्या यंत्रानं घरात आग लावली त्यावर तू एवढा विश्वास कसा ठेवतेस? नवं यंत्र निदान इथल्या विजेसाठी बनवलेलं असेल. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. हर्ट्झचा दोष मी काढू शकलेले नाही, मोटर अजून सावकाशच फिरते. लेक आता मोठा झालाय, पण भाजणी सुरू असली की स्वयंपाकघरात येत नाही, आणि मी त्याला बोलावत नाही.

सध्या वाद जागेचा आहे. नवऱ्याला यंत्र गच्चीवर हवं आहे. मी म्हणते, वाऱ्यात तापमान टिकत नाही, घाणा वाया जातो, आणि पावसाळ्यात काय करायचं? तो म्हणतो, पावसाळ्यात भाजू नकोस.