गिरगाव ते लीड्स: लेकाचा ताप आणि मलेरियाची तपासणी

आम्ही इंग्लंडमधल्या लीड्सला राहतो. ऑगस्टमध्ये तीन आठवडे मुंबईत गिरगावात आईकडे राहिलो. लेक तीन वर्षांचा. शेजारच्या चाळीचं पुनर्बांधकाम चाललेलं, पायाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलीस डास अशा साचलेल्या पाण्यात आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत वाढतो, रात्री चावतो. हे सगळं ठाऊक असूनही मच्छरदाणी माळ्यावरच राहिली. आपल्याच घरी कसली मच्छरदाणी, असं वाटलं. लहानपणी गिरगावात राहिलो म्हणून आपल्यालाही मलेरिया होणार नाही असं नाही, मग लीड्समध्ये जन्मलेल्या पोराचं काय!

परतल्यावर सतराव्या दिवशी त्याला ताप आला. सोबत उलट्या, खोकला, थोडे जुलाब. हुडहुडी भरली नाही, ताप दिवसाआडही येत नव्हता. लहान मुलांत मलेरिया असाच कुठल्याही तापासारखा दिसतो. जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, कान-घसा पाहिला आणि विषाणूचा ताप म्हणाले. नर्सरीत साथ होतीच. पॅरासिटामॉल दिलं की पोर खेळायला लागायचं. त्यांनी प्रवासाचं विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. ते अजून मनाला लागतं.

चौथ्या दिवशी आई फोनवर म्हणाली, "अगं, रक्त तपासलंस का?" मुंबईत पावसाळ्यात ताप दोन-तीन दिवस राहिला की रक्त तपासायचं, हे घराघरात माहीत असतं. इथल्या डॉक्टरांना मात्र मलेरियाचं मूल वर्षानुवर्षं दिसत नाही.

इमर्जन्सीच्या काउंटरवर पहिलंच वाक्य बोलले: "मुंबईहून येऊन तीन आठवडे झालेत, याला ताप आहे." तासाभरात रक्त घेतलं. प्लेटलेट कमी होत्या, पण मलेरियाची रॅपिड टेस्ट (पट्टीवरची झटपट तपासणी) आणि स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला रक्ताचा थेंब) दोन्ही निगेटिव्ह. मी सुटकेचा श्वास टाकला, तर डॉक्टर म्हणाल्या, एका निगेटिव्हवर मलेरिया नाही असं ठरवता येत नाही, तीनदा तरी पाहायला हवं. रक्तात परजीवी थोडे असले की पहिल्या नमुन्यात निसटतात, आणि मलेरियाच्या परजीवींच्या दोन मुख्य जातींपैकी व्हायवॅक्सला रॅपिड टेस्ट फाल्सिपेरमइतकी पक्की पकडत नाही. दुसऱ्या दिवशीच्या स्लाइडवर व्हायवॅक्स सापडला.

गोळ्या सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. पण व्हायवॅक्स यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी उलटतो. तो मारायला प्रायमाक्विन लागतं, आणि त्याआधी जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) रक्ततपासणी. ते विकर कमी असलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी या औषधानं फुटू शकतात. म्हणून हे औषध स्वतःहून, भारतातून आणून, देऊ नका.

निघण्याआधी ट्रॅव्हल क्लिनिकला जा आणि कुठल्या जिल्ह्यात, किती रात्री राहणार ते नेमकं सांगा. मुंबई आणि मलेरिया जास्त असलेलं गडचिरोली यांना एकच सल्ला लागू होत नाही. मच्छरदाणी इथूनच न्या. परतल्याची तारीख फ्रिजवर लावा आणि पुढचं वर्षभर मुलाला ताप आला की डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता प्रवासाचं सांगा. आफ्रिकेतून परतला असाल तर ताप आल्या दिवशीच इस्पितळ गाठा, कारण तिथे बहुतेक फाल्सिपेरम असतो आणि लहान मूल काही तासांत खालावतं. स्लाइड निगेटिव्ह आली तर पुढची कधी घेणार, ते विचारूनच घरी निघा.